शॉकच्या चाचण्या झाल्या आहेत, नंतरच्या देखभालीचं विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तीव्र नैराश्यात भूल देऊन मेंदूला विजेचा झटका देतात, त्या शॉक उपचारांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचून संताप आला. ‘या उपचाराची कधी नीट चाचणीच झालेली नाही’ हे कशाच्या आधारावर छापलंत? इंग्लंडमधल्या नॉर्थविक पार्क (१९८०) आणि लेस्टर (१९८४) इथल्या चाचण्या मग काय होत्या? काही रुग्णांना भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिलं, वीज मात्र दिलीच नाही. चार आठवड्यांनी खरा शॉक मिळालेले जास्त सुधारले होते, त्यातही ज्यांना भ्रम होते ते विशेष. पुढे काही महिन्यांत दोन्ही गटांतला फरक पुसला गेला. लेखकाने एवढं लिहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

माझ्या आईला असेच भ्रम होते. आतडी सडलीत, गिळलेलं खाली जाणार नाही, असं म्हणत तिने जेवण सोडलं. चमचा ओठाला लागला की दात घट्ट आवळायची. शॉक सुरू झाल्यावर एका सकाळी तिने आपणहून चहात बिस्किट बुडवलं आणि साखर कमी पडली म्हणून मला झापलं.

मग डिस्चार्ज मिळाला. कार्डावर लिहिलं होतं, ‘गरज वाटल्यास दाखवणे’. गोळ्या पुढे चालू ठेवायच्या असतात हे एकाही डॉक्टरने सांगितलं नाही. दिवाळीच्या आत आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शॉकने बरे झालेल्यांना नंतर नुसत्या खोट्या (औषध नसलेल्या) गोळ्या दिल्या तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्क्यांचा आजार उलटला. लिथियम आणि नॉरट्रिप्टिलीन ही दोन्ही औषधं दिलेल्यांत ३९ टक्के. आमच्या दवाखान्यांत ही पुढची काळजी कोण घेतं, यावर लेख लिहा ना!

आणि लेखासोबतचा तो फोटो! चौघांनी दाबून धरलेला, तोंड वासलेला माणूस. भूल न देता शॉक देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. आता पुन्हा शॉक चालू आहेत; आईला हाताच्या शिरेत सुई देऊन झोपवतात, थोड्या वेळाने ती जागी होते. आधीच्या दिवसांचं काही काही आठवत नाही, हा त्रास खरा आहे आणि तोही जरूर छापा. पण शेजारच्यांनी तो फोटो आईला नेऊन दाखवला. आता ती पुढच्या शॉकला यायला तयार नाही. निदान येत्या रविवारी, त्याच पानावर, दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, सांगली
(कृपया नाव छापू नये)