रूथच्या सेमिनरीबद्दल, सुनंदाला

वास्को, गोवा
श्रावणातला शुक्रवार

प्रिय सुनंदा,
सप्रेम सलाम.

तुझा तो मैलभर लांब व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. त्याचं उत्तर अंगठ्यानं टाइप करण्यातलं नाही, म्हणून सरळ कागद काढला. इथे दामोदराचा सप्ताह लागलाय. बाजारात पाय ठेवायला जागा नाही आणि रात्रभर भजनं चालू, त्यामुळे झोप तशीही येत नाहीये.

रूथनं सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक (पास्टर) घडवणाऱ्या शाळेत, जायचं म्हटल्यावर तुमच्या घरात रामायण होणार हे ठरलेलंच होतं. पण तुझ्या मोठ्या दिरांचं बोलणं अगदी ऐकण्यासारखं आहे. ‘संडे स्कूल घे, महिला मंडळ बघ, आजाऱ्यांच्या भेटी घे, कोण नको म्हणतंय? पण पाळक कशाला व्हायचं?’ हे वाचलं आणि मला आपल्याच मेथडिस्ट चर्चमधली अ‍ॅना हॉवर्ड शॉ आठवली. तू विचारलंयस, ‘आई म्हणून मी काय सांगू?’ ते नंतर बघू. आधी ही बाई कोण ते ऐक, आणि रूथलाही वाचून दाखव.

अ‍ॅना मूळची इंग्लंडची. १८४७ साली न्यूकॅसल-अपॉन-टाइनला जन्मली. ती चार वर्षांची असताना घरचे अमेरिकेत आले, आणि बारा वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी मिशिगनच्या जंगलात जमीन घेतली. घेतली म्हणजे काय, बायकोमुलांना तिथे धाडून दिलं आणि स्वतः कमाईसाठी मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सला मागे राहिले. पोचल्यावर बघतात तर ओंडक्यांच्या चार भिंती आणि वर छप्पर. दारं-खिडक्यांच्या जागी नुसती भगदाडं, पायाखाली उघडी माती. आई ते बघून खचली ती खचलीच. लाकडं तोडण्यापासून विहीर खणण्यापर्यंत सगळं पोरांवर आलं. अ‍ॅना पंधराव्या वर्षी शाळेत शिकवायला लागली. आणि सवड मिळाली की रानात जाऊन तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभी राहायची आणि बाकीच्या झाडांना उपदेश द्यायची. (हसू नकोस. हॉस्टेलच्या गच्चीवर आपण काय करायचो ते मी रूथला सांगू का?)

तिचा पहिला खरा उपदेश झाला १८७० मध्ये, अ‍ॅश्टन नावाच्या गावात. तिथले प्रिसायडिंग एल्डर, म्हणजे आपल्या हिशेबानं डी.एस. (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, त्या भागातल्या मंडळ्यांवरचे अधिकारी), डॉ. पेक. बाईला उपदेशक म्हणून पुढे आणायची त्यांची स्वतःचीच हौस होती. वचन घेतलं होतं योहान ३:१४, मोशेनं अरण्यात सर्प उंच केला ते. ती इतकी थरथरत होती, की शेजारी ठेवलेल्या दिव्यातलं रॉकेल हलताना दिसत होतं. घरचं एकही माणूस ऐकायला आलं नव्हतं. पेकसाहेबांना मात्र उपदेश पसंत पडला आणि त्यांनी तिला आपल्या सर्किटमधल्या सगळ्या ३६ ठिकाणी बोलायला लावलं.

घरचे उपदेशाला आले नाहीत, पण गप्पही बसले नाहीत. तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं गावच्या वर्तमानपत्रात निवेदनच छापून आणलं: अ‍ॅना शॉ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीनं काल उपदेश केला, तिच्या खऱ्या हितचिंतकांना तिचा हा मार्ग अजिबात मान्य नाही. वयसुद्धा चुकीचं, बाई तेवीस वर्षांची होती! मग आमिष आलं. उपदेश सोड, अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठाचा सगळा खर्च आम्ही करतो. शिकायला तर ती तडफडत होती. तरी नाही म्हणाली, आणि १८७३ मध्ये पदरच्या चार पैशांवर अल्बियन कॉलेजात गेली. तुझे दीर अजून पेपरात गेलेले नाहीत, एवढ्यावर समाधान मान.

तरुणपणीची तिची एक गोष्ट सगळेच सांगतात. लाकूडतोड्यांच्या एका वस्तीवर रविवारच्या उपासनेला जायचं होतं आणि रात्रीचा रस्ता घनदाट जंगलातून होता. गाडीवान आणि ती, तिसरं कोणी नाही. वाटेत तो घाणेरडं बोलायला लागला, आणि पुढे त्याचा बेत काय आहे हेही लपवेना. अ‍ॅनानं पिशवीतलं पिस्तूल काढून त्याच्या पाठीवर रोखलं आणि गाडी हाकायला सांगितलं. सकाळपर्यंत तशीच बसून होती. वस्तीवर पोचल्यावर तासाभराची झोपही न घेता उपदेशाला उभी राहिली, तर सभागृह खचाखच भरलेलं. गाडीवानानंच बातमी पसरवली होती, आणि पिस्तूलवाली उपदेशक बघायला झाडून सगळे लाकूडतोडे आले होते. अर्पणाची थैली त्या वस्तीत कधी नव्हे एवढी भरली.

गोष्ट मजेदार आहे, पण रूथच्या कामाची नाही. रूथला कोणी जंगलात अडवणार नाहीये. तिला अडवतील ती माणसं कमिटीच्या टेबलापलीकडे बसलेली असतील आणि चहा पाजून अडवतील. म्हणून मला अ‍ॅनाचं बॉस्टन आणि ईस्ट डेनिस जास्त महत्त्वाचं वाटतं.

१८७६ मध्ये ती बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या धर्मशिक्षण शाळेत गेली. वर्गात ती एकटीच बाई. मुलग्यांना राहायला फुकट खोल्या आणि स्वस्तात मेस. तिला मात्र किरकोळ भत्ता, त्यातूनच माळ्यावरची खोली भाड्यानं घ्यायची आणि उरेल त्यात पोट भरायचं. दूध आणि बिस्किटांवर दिवस काढले. बूट फाटले. जिना चढताना दम लागून पायरीवर बसायची. अशीच बसलेली असताना विमेन्स फॉरेन मिशनरी सोसायटीच्या एका बाईंनी तिला बघितलं. त्या सोसायटीचं ऑफिस त्याच इमारतीत होतं. त्यांनी एका दात्याकडून दर आठवड्याला साडेतीन डॉलरची सोय करून दिली, अट एकच, तब्येत सुधारेपर्यंत उपदेशाची कामं घ्यायची नाहीत.

सोसायटीचं नाव ओळखीचं वाटलं का? १८६९ मध्ये इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन यांना हिंदुस्थानात पाठवणारी हीच ती बॉस्टनची सोसायटी. लखनौचं इझाबेला थोबर्न कॉलेज आणि बरेलीचं क्लारा स्वेन हॉस्पिटल त्या दोघींच्याच नावानं आहेत. म्हणजे बायकांनी पैसा पैसा जमवून बायकांना समुद्रापार मिशनरी म्हणून पाठवायचं, तिकडे त्यांनी शाळा-दवाखाने उभे करायचे, त्याला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत आली ती घरच्या वेदीपाशी.

१८७८ मध्ये पास होऊन ती केप कॉडवरच्या ईस्ट डेनिसच्या मंडळीत पाळक म्हणून रुजू झाली आणि सात वर्षं राहिली. भांडकुदळ मंडळी होती, गटबाजी आपल्याकडच्यासारखीच. तिनं ती वठणीवर आणली. उपदेश, घरभेटी, आजारी माणसं, तंटे मिटवणं, सगळं तिचं काम. पण दीक्षा, म्हणजे पाळकपदाचा पूर्ण अधिकार देणारा विधी, झालेला नाही, त्यामुळे बाप्तिस्मा देता येईना, प्रभुभोजनविधी चालवता येईना, नवे सभासद मंडळीत घेता येईनात. त्यासाठी दर वेळी बाहेरून कोणीतरी साहेब आणायचे. सुनेनं घर चालवायचं आणि कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला, त्यातला प्रकार.

म्हणून १८८० मध्ये तिनं न्यू इंग्लंड कॉन्फरन्सकडे (त्या भागातल्या मेथडिस्ट चर्चच्या सभेकडे) दीक्षेचा अर्ज केला. तिच्याबरोबर अ‍ॅना ऑलिव्हरनंही केला. तीही बॉस्टनलाच शिकलेली. परीक्षा दोघींनी उत्तम दिली होती. बिशप अँड्र्यूज यांनी सांगून टाकलं की चर्चच्या कायद्यात बाईला दीक्षा बसत नाही. त्याच वर्षी सिनसिनाटीच्या जनरल कॉन्फरन्सपुढे, म्हणजे चर्चच्या सर्वांत वरच्या सभेपुढे, अपील गेलं. तिथे नकार तर मिळालाच, वर बायकांना मिळालेली स्थानिक उपदेशकाची लायसन्सही रद्द झाली. मागायला गेल्या पूत आणि घालवून बसल्या नवरा, असं आपल्या आज्या म्हणाल्या असत्या.

अ‍ॅना रडत बसली नाही. मेथडिस्ट प्रोटेस्टंट नावाचं वेगळं, लहान चर्च होतं. तिनं त्यांच्याकडे अर्ज केला. तिथेही जोरदार वाद झाला, पण १२ ऑक्टोबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळच्या टॅरीटाउनला तिला दीक्षा मिळाली. त्या चर्चमध्ये ती पहिलीच बाई. चार वर्षांनी त्याच चर्चच्या जनरल कॉन्फरन्सनं ही दीक्षा नियमाबाहेरची होती असा ठराव केला! ईस्ट डेनिसच्या लोकांना त्याचं काही नव्हतं, त्यांना त्यांची पाळक हवी होती.

१८८५ मध्ये तिनं आपणहून ती जागा सोडली. दरम्यान बॉस्टनला डॉक्टरकीचा अभ्यास चालूच होता, १८८६ मध्ये एम.डी. झाली. साल लक्षात आलं का? त्याच वर्षी मार्चमध्ये तिकडे फिलाडेल्फियाला आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली आणि समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढे १८८८ मध्ये वॉशिंग्टनला बायकांची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचा सुरुवातीचा उपदेश अ‍ॅनानं दिला, आणि परिषदेला रमाबाईही होत्या. दोघी समोरासमोर काय बोलल्या असतील याचा विचार मी कधीतरी भांडी घासताना करते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढे ती मेथडिस्टांपेक्षा देशाची झाली. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांत फिरताना तिला दिसलं की या बायकांना औषध आणि वचन पुरत नाही, कायदा बदलायला हवा आणि त्यासाठी मत हवं. सुझन अँथनीच्या बरोबरीनं ती मताधिकाराच्या चळवळीत उतरली आणि १९०४ ते १९१५ राष्ट्रीय संघटनेची अध्यक्ष होती. वक्ता अव्वल, कारभार बेताचा, असं तिच्या बाजूचे लोकही म्हणत. आणि एक गोष्ट झाकून ठेवायची नाही: काळ्या पुरुषांना मत आहे आणि आम्हा गोऱ्या बायकांना नाही, असा सूर तिच्या काही भाषणांत लागतो. तो मला खटकतो, आणि रूथलाही खटकायला हवा. गावकुसाबाहेरून आलेल्या मंडळींची आपण लेकरं, कोण कोणाच्या वर हा हिशेब आपल्याला चांगला कळतो. तिची जिद्द घ्यावी, तो हिशेब घेऊ नये.

पहिल्या महायुद्धातल्या कामासाठी १९१९ मध्ये सरकारनं तिला पदक दिलं, २ जुलैला ती गेली, आणि अमेरिकेतल्या बायकांना मताचा हक्क घटनेनं मिळाला १९२० च्या ऑगस्टमध्ये. मेथडिस्ट चर्चला मात्र घाई नव्हती. बायकांना पूर्ण हक्काची दीक्षा देण्याचा निर्णय झाला १९५६ साली. त्या वर्षी कॉन्फरन्समध्ये सगळ्यांत आधी घेतलेली बाई मॉड जेन्सन, ती तेव्हा कोरियात मिशनचं काम करत होती. इथली आपली मंडळीही त्या वेळी त्याच चर्चचा भाग होती, आपण स्वतंत्र झालो ते १९८१ मध्ये. आणि १९८० मध्ये, अ‍ॅनाचा अर्ज फेटाळल्याला शंभर वर्षं होताना, मार्जोरी मॅथ्यूज पहिली स्त्री बिशप निवडून आली. तीही मिशिगनचीच.

आता तुझा प्रश्न. आमच्या इथल्या मराठी उपासनेला बरीचशी पोर्टातली आणि नेव्हीतली कुटुंबं येतात. पाळक सुट्टीवर गेले की सगळं आम्ही बायकाच बघतो, उपदेश मीही केलेत. कोणी हरकत घेत नाही, उलट ‘छान झालं हो’ म्हणतात. बायकांनी काम करण्याला विरोध कधीच नव्हता, अ‍ॅनाच्या वेळीही नव्हता. सही कोणाची, शिक्का कोणाचा, भाकर मोडणारा हात कोणाचा, इथे गाडी अडते. त्यामुळे ‘घरच्यांचं मन वळव’ वगैरे रूथला सांगू नकोस. तिला सांग की सेमिनरीचा अर्ज भरायच्या आधी डी.एस. साहेबांना भेटून सरळ विचार: कोर्स संपल्यावर मला दीक्षेच्या वाटेवर घेणार, की हॉस्टेलची वॉर्डन करून ठेवणार? क्वार्टर्ली कॉन्फरन्सची, म्हणजे मंडळीच्या तिमाही सभेची, शिफारस लेखी घे. तोंडी आशीर्वाद पुष्कळ मिळतील, ते घेऊन ठेव, पण कागद माग. आणि फीचं काय ते आत्ताच बघा, पोरीला माळ्यावर दूध-बिस्किटांवर राहायला लावू नका. माझ्याकडून जे जमेल ते मी देईन, यावर वाद नको.

शेजारच्या फिलोमिनाला हे सगळं सांगितलं, तर ती उडालीच. ‘तुमच्यांत बायलो पाद्री जातात?’ म्हटलं, जातात. थोडा वेळ विचार करून म्हणते, ‘बरें मगो, कुमसार सांगूंक सोंपें.’ (कुमसार म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली.) म्हटलं, अगं, आमच्यात तसा कुमसारच नसतो. तर म्हणाली, मग तुम्हाला बायल पाद्रीचा उपयोग तरी काय! तिला तुझ्या दिरांची गाठ घालून द्यायला हवी.

सप्ताह आटोपला की रूथला घेऊन ये. गोवा एक्सप्रेस थेट इथे वास्कोलाच येऊन थांबते, स्टेशनवर मी असेन. येताना ज्वारीचं पीठ आण, इथलं मला अजून जमत नाही. आणि दिरांना माझा सलाम सांग, मनापासून सांगतेय.

तुझी,
शैला