गोळी लागणे हा शिक्षकाच्या नोकरीचा भाग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, न्यूपोर्ट न्यूज शहरात, ६ नोव्हेंबर २०२५ रोजी ज्यूरीने एका शिक्षिकेला १ कोटी डॉलर भरपाई देण्याचा निकाल दिला. आपल्याकडे त्या बातमीची चर्चा झाली ती रकमेवरून. रुपयात किती कोटी झाले, एवढे पैसे कशाला, वगैरे. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले आहे आणि मला या प्रकरणात रकमेपेक्षा फार मोठी एक गोष्ट दिसते. ती वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र.

६ जानेवारी २०२३ ला तिथल्या रिचनेक प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गात, सहा वर्षांच्या एका मुलाने घरून आणलेले आईचे पिस्तूल काढून अ‍ॅबी झ्वर्नर या पंचवीस वर्षांच्या बाईंवर गोळी झाडली. गोळी हातातून आरपार जाऊन छातीत घुसली. ती अजून शरीरातच आहे. तशा अवस्थेतही बाईंनी मुलांना वर्गाबाहेर काढले.

बाईंनी दावा लावला तेव्हा शाळा मंडळाचा बचाव असा होता की, ही कामावर झालेली इजा आहे, म्हणून कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली जे मिळते ते घ्यावे, वेगळा दावा करता येणार नाही. लहान मुलांपासून कोणाला धोका नसावा हे आदर्श जगात ठीक, वास्तव तसे नाही, अशा अर्थाचे म्हणणे मंडळाने लेखी मांडले होते. म्हणजे यंत्रावर काम करणाऱ्याचे बोट कापले जाणे आणि पहिलीच्या बाईंना वर्गात गोळी लागणे, दोन्ही एकाच खात्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी हे अमान्य केले. विद्यार्थ्याकडून गोळी लागणे हा शिक्षिकेच्या कामातून येणारा धोका नाही, असे ठरले आणि दावा पुढे चालला. माझ्या मते खरा निकाल हाच. तो विरुद्ध गेला असता तर ज्यूरीपुढे काही आलेच नसते, आणि शाळेने काय केले वा केले नाही हे कोणी विचारलेही नसते.

आणि विचारण्यासारखे पुष्कळ होते. या मुलाच्या वागण्यामुळे त्याचे आई किंवा वडील वर्गात त्याच्यासोबत बसत असत. तो आठवडा पालकांशिवायचा पहिलाच. दोनच दिवस आधी त्याने बाईंचा फोन आपटून फोडला होता आणि त्याबद्दल त्याला एक दिवस शाळेतून बाहेर ठेवले होते. गोळीबाराच्या दिवशी तो चिडलेला आहे हे बाईंनी उपमुख्याध्यापिकेला सांगितले. मुलांनी त्याच्याकडे बंदूक असल्याचे सांगितले, तेही एका शिक्षिकेने उपमुख्याध्यापिकेपर्यंत पोचवले. दप्तर तपासले, त्यात काही निघाले नाही. मग खिशात असेल, अशी शंका सांगितली गेली. त्याचे खिसे तेवढे मोठे नाहीत, असे उत्तर मिळाल्याचे दाव्यात म्हटले आहे. मुलाने आपल्याला बंदूक दाखवली, असे एका मुलाने रडत रडत दुसऱ्या शिक्षिकेला सांगितले. शेवटी समुपदेशकाने मुलाची झडती घेण्याची परवानगी मागितली, तर त्याची आई थोड्या वेळात न्यायला येणारच आहे, थांबा, असे सांगितले गेले. दुपारी दोनच्या सुमारास गोळी सुटली.

बचाव पक्ष म्हणाला, घडून गेल्यावर सगळेच शहाणे होतात. हे वाक्य इतर ठिकाणी मीही मान्य करीन. इथे नाही. इथे पहिलीची पोरे आधीच शहाणी होती, त्यांनी सांगितले होते, आणि त्यांच्या बाईंनीही ते गंभीरपणे घेतले होते.

ज्यूरीने उपमुख्याध्यापिकेचा निष्काळजीपणा घोर ठरवला, तो मला पटतो. पण खटला उभा राहिला तेव्हा प्रतिवादी म्हणून त्या एकट्याच उरल्या होत्या. शहरातल्या शाळांचे अधीक्षक आणि मुख्याध्यापिका यांना न्यायालयाने आधीच वगळले होते. मुख्याध्यापिकेच्या वकिलांनी तर सांगितले की बंदुकीची शंका त्यांच्या कानावर गेलीच नव्हती. चार जणांनी सांगितलेली गोष्ट एका खोलीत अडते आणि शाळाप्रमुखाला कळतच नाही, हा दोष एका बाईचा की व्यवस्थेचा? मुलाच्या आईला तुरुंगवास झाला, उपमुख्याध्यापिकेवर भरपाई लागली, आणि जी व्यवस्था शिक्षकांना ‘थांबा’ म्हणायला शिकवते ती मोकळी राहिली, हे मला स्वस्थ बसू देत नाही.

मिशिगन राज्यात तर एवढेही हाती लागले नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने चार मुले मारली, एका शिक्षिकेसह सात जण जखमी केले. त्या सकाळीच त्याने काढलेली चित्रे पाहून शाळेने आईवडिलांना बोलावले होते, पण दप्तर उघडले नाही आणि त्याला वर्गात परत पाठवले. आईवडील दोषी ठरले. शाळेवरचे दावे मात्र राज्याच्या न्यायालयात सरकारी संस्थांना असलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे फेटाळले गेले. एकच देश, आणि शिक्षकाला वा मुलाला न्याय मिळणार की नाही ते शाळा कोणत्या राज्यात आहे यावर!

हे सगळे तिकडचे, आपल्याला काय, असे म्हणणाऱ्यांना मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्याची आठवण देते. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे विद्यार्थ्याने प्राचार्यांना शाळेतच गोळी घालून मारले.

शाळेत शस्त्र असल्याची शंका आली की परवानगी मागायची गरज पडू नये. ज्या शिक्षिकेला पहिल्यांदा कळेल तिने वर्ग रिकामा करावा, मुलाला एका मोठ्या माणसाजवळ बसवावे आणि थेट पोलिसांना फोन करावा, असा अधिकार लेखी हवा. तो न दिल्यास नुकसानभरपाई संस्थेकडून वसूल व्हावी, त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या एका व्यक्तीकडून नव्हे. व्हर्जिनियातल्या शिक्षकांना हे मिळते का, याचा पाठपुरावा आपल्या वृत्तपत्राने करावा, अशी विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा