घर दाखवणारा एजंट नेमका कुणाचा?

मा. संपादक,

वडगावात आम्ही अकरा वर्षे भाड्याने राहतो. यजमान उद्यमबागेत लेथवर आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. भिशी, यजमानांचा पीएफ आणि माहेरच्या जमिनीतला माझा वाटा यांची जुळवाजुळव करून गेल्या दिवाळीपासून आम्ही घर बघतो आहोत. आमच्या बाजूने बोलणारा कुणी एजंट नव्हता. तो लागेल असे वाटलेही नाही. घर बघायचे आणि मालकाशी बोलायचे, एवढेच आम्हाला माहीत.

पण घरावर लावलेल्या फलकावरचा नंबर मालकाचा नसतो. अनगोळ, मजगाव, पिरनवाडी, आम्ही जिथे जिथे फोन लावला तिथे एजंटानेच उचलला. पहिला प्रश्न एकच, "तुमचा एजंट कोण?" कुणी नाही म्हटले की, "मग मीच तुमचा समजा की वैनी." हे बोलणे मी खरे धरून चालले.

अनगोळमधले एक घर आम्हाला मनापासून आवडले. पुढे तुळशीपुरती जागा, मागे आड. मागणी ४० लाखांची होती आणि आम्ही ३५ पासून बोलायचे ठरवले होते. एजंट चहा घेता घेता म्हणाला, "खरं सांगा, कुठवर जाणार? मला मालकाशी बोलायला बरं पडतंय." यजमान सरळ माणूस. त्यांनी सांगून टाकले, अगदीच ताणले तर ३८, आणि जूनच्या आत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत. दोन दिवसांनी निरोप आला, मालक ३८ च्या खाली एक रुपया येत नाहीत आणि मेअखेर व्यवहार उरकायचा आहे. आम्ही दोघे आणि तो एजंट सोडून हा आकडा कुणालाच ठाऊक नव्हता.

मालकाचे काम करणे चूक नाही. उन्हातान्हात घरे दाखवत फिरतो, त्याने आपले कमिशन जरूर घ्यावे. पण "मी तुमचा" म्हणून आमच्या पोटातले काढून घ्यायचे आणि ते मालकाच्या पदरात टाकायचे, हे मला फार लागले. त्यावर आमच्याकडूनही दोन टक्के, म्हणजे ३८ लाखांवर ७६ हजार. ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकात नोंदणी शुल्कही एकाचे दोन टक्के झाले आहे, म्हणजे तेवढेच पैसे सरकारलाही. सरकार निदान पावती देते. एजंटाला रोख हवे आणि पावती विचारली की राग येतो.

कागदांचे तर विचारूच नका. "आधी दोन लाख संचकार द्या, मग कागद. दुसरी पार्टी तयार आहे." (संचकार म्हणजे विसाराची रक्कम.) आम्ही हट्ट धरल्यावर ईसीची, म्हणजे घरावरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणाऱ्या दाखल्याची, झेरॉक्स हातात आली. ती कन्नडमध्ये. बाजारात आम्ही कन्नड बोलतो, पण सरकारी कन्नड वाचता येत नाही. (माझ्या आजोबांचे मुंबई राज्यातले खरेदीखत मराठीत आहे, ते माझी आई स्वतः वाचायची.) एजंटाने वाचल्यासारखे केले आणि "सगळं क्लिअर आहे" म्हणाला. रात्री माझ्या नववीतल्या मुलीने अक्षर अक्षर लावून तो कागद वाचला आणि विचारले, "आई, हा फक्त तीन वर्षांचा कसा?"

सबरजिस्ट्रार कार्यालयात अर्ज करून तीस वर्षांचा ईसी काढला, तेव्हा त्या घरावर एका सोसायटीच्या गहाणखताची नोंद निघाली. ते फेडल्याची नोंद कुठेच नाही. एजंट म्हणतो, "कर्ज फिटलंय, नोंद करायची राहिलीय." असेलही. मग आमच्या हातात तीनच वर्षांचा कागद का दिला?

२०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत नव्या प्रकल्पातले प्लॉट आणि फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली आहे. एका मालकाचे जुने घर दुसऱ्याने घेताना मध्ये असलेल्या एजंटाला ती लागत नाही, आणि आमच्यासारखी माणसे जुनीच घरे घेतात. राज्य सरकारने ही नोंदणी त्यांनाही लावावी. आपण कुणाच्या बाजूने आहोत आणि कुणाकुणाकडून कमिशन घेणार, हे घर दाखवायच्या आधी लिहून द्यायला लावावे. सबरजिस्ट्रार कार्यालयात ईसी कसा काढायचा आणि किती वर्षांचा बघायचा, हे सांगणारा फलक मराठीतही हवा.

आम्ही ते घर सोडले. त्याचा फलक परवापर्यंत तिथेच होता. पुढची 'पार्टी' कोण असेल मला माहीत नाही, पण त्यांनी संचकार देण्याआधी तीस वर्षांचा ईसी स्वतः काढून बघावा, म्हणून हे पत्र लिहिले.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव