रविवारच्या तपासणी वर्गासाठी अंबाजोगाईकरांना आग्रहाचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

आपल्या मंडळाचा रविवारचा वर्ग सगळ्यांना ठाऊक आहे. एमबीबीएसची मुले-मुली सकाळी येतात, निवृत्त डॉक्टर मंडळी त्यांच्याकडून रुग्ण तपासण्याचा सराव करून घेतात आणि दुपारी केस मांडणे, संशोधनाचा सारांश लिहिणे, पोस्टर करणे शिकवतात. मुले वाढली, जागा आणि सामान मात्र तेवढेच राहिले. दिवाळीनंतर नवी तुकडी येते आहे, म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहे.

पण ज्यांच्या बळावर इथवर आलो, त्यांचे ऋण आधी. मोठ्या सरांनी आपल्या जुन्या दवाखान्याच्या दोन खोल्या एका शब्दावर दिल्या. पाटी लावायची नाही, ही त्यांची अट आम्ही आजवर पाळली. या वयातही ते स्वतः उभे राहून शिकवतात. प्लीहा (पोटात डावीकडे बरगड्यांखाली असणारा अवयव) तपासायला मुलाने थेट डाव्या बरगडीखाली हात घातला की सर त्याचे मनगट धरून उजव्या ओटीपोटावर आणून ठेवतात. "इथून वर ये, रुग्णाच्या श्वासाबरोबर. प्लीहा फार वाढली असली तर तिची कड खालीच असते, तुझा हात तिच्यावर पडून राहील आणि तुला कळणारही नाही." आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई स्वतः रुग्ण म्हणून येतात. डाव्या कुशीवर वळून मुलांना हृदयाच्या झडपेची ती बारीक गुरगुर ऐकू देतात, आणि स्टेथोस्कोपची घंटा (छातीवर टेकवायचा वाटीसारखा भाग) जोरात दाबली तर दटावतातही. मोंढ्यातल्या अडत व्यापाऱ्यांनी सोयाबीनला भाव नव्हता त्या वर्षीही वर्गणी थांबवली नाही. योगेश्वरीच्या मार्गशीर्ष महोत्सवात महिला मंडळाने पिठलं-भाकरीचा स्टॉल लावला आणि त्या कमाईतून बीपी मोजायचे मोठ्यांचे व लहान मुलांचे वेगळे पट्टे आले. या सर्वांचे आभार कितीही मानले तरी कमीच.

मागच्या वेळी पत्रके घरोघरी पोहोचवली होती. सत्काराच्या जेवणाला सभागृह भरले होते, पण त्यातल्या मोजक्याच घरी पावती फाटली. "कॉलेज शिकवतंच की, तुमचं काय मध्येच?" असेही ऐकावे लागले. वाईट वाटले. कॉलेज शिकवतेच. 1974 साली आपल्या गावात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने उभे राहिलेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हा तर आपला अभिमान आहे. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून रुग्णाची ओळख आणि संवादही आला. पण कुठल्याही वॉर्डात एका खाटेभोवती घोळका असतो, मागच्याचा हात रुग्णापर्यंत पोहोचत नाही. हात तयार व्हायला तेच पुन्हा पुन्हा करावे लागते, चुकल्यावर कोणी सांगणारे लागते. उद्या हीच मुले धारूर-केजकडच्या एखाद्या आरोग्य केंद्रात एकटी बसतील. तिथे रात्री एक्स-रे नसेल, तेव्हा छातीवर बोटाने ठोकून आत पाणी आहे का, हे त्यांनाच ठरवायचे आहे.

लिहिण्याचेही तसेच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची संशोधन योजना 1979 पासून आहे. आपली मुले हुशार, पण प्रस्ताव इंग्रजीत लिहायचा म्हटले की मराठी माध्यमातली मुले मागे सरतात. प्रश्न काय, पद्धत कोणती, आढळले काय आणि त्याचा अर्थ काय, एवढे चार भाग वेगळे ठेवायला शिकवले की तीच मुले नीट लिहितात, हे आम्ही पाहिले आहे. संतकवी दासोपंतांनी ज्या गावात पासोडीवर, म्हणजे लांबलचक कापडावर, आकृत्या काढून पंचीकरण (पंचमहाभूतांचे तत्त्वज्ञान) समजावले, त्या गावच्या मुलांनी पोस्टरला घाबरू नये, असे मनापासून वाटते.

हवे ते असे : तपासणीचे दोन टेबल, पडदे (मुलींना व महिला रुग्णांना आडोसा नाही, हे सर्वात निकडीचे), दोघांना एकदम ऐकता येईल असा शिकवण्याचा स्टेथोस्कोप, डोळ्याचा पडदा पाहायचे यंत्र, पोस्टर छपाईचा खर्च. देणगी 500 रुपयांपासून, दसऱ्यापर्यंत, रोख किंवा चेकने मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी 6 ते 8, पावती लगेच. जुनी उपकरणे चालू असतील तरच द्यावीत. निवृत्त डॉक्टरांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. तपासून घ्यायला तयार असणाऱ्या नागरिकांनी, विशेषतः जुना दमा किंवा झडपेचा आजार असणाऱ्यांनी, नाव नोंदवावे. संमती लेखी घेतली जाईल, महिलांसोबत महिला डॉक्टर असतील, नको वाटले तर कधीही थांबता येईल. येणे जमत नसेल तर निरोप द्या, आम्ही घरी येऊ.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)