पहिलं गाणं कुठलं?

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

गिटारवर पहिलं गाणं कुठलं बसवू असं काल फोनवर विचारलंस, आणि मी तोंड उघडायच्या आत तूच सांगून मोकळा झालास की ‘नीले नीले अंबर पर’ची सुरुवात यूट्यूबवरून उचलतोयस. उचल की! पण तेवढा तुकडा झोकात वाजवणारी पोरं मी ढिगानं पाहिली आहेत. पुढे कुणी गायला लागलं की त्यांचा हात अडखळतो.

१९८८ साली ‘पापा कहते हैं’ आलं आणि गिरगावातल्या निम्म्या पोरांना गिटार हवीशी झाली. मलाही. आजोबांचं म्हणणं, पेटी शिक. बरेच दिवस रुसवेफुगवे झाल्यावर त्यांनीच मला धोबी तलावला नेऊन त्यातल्या त्यात स्वस्त गिटार घेऊन दिली. तारा पट्टीपासून इतक्या उंच की बोटांच्या टोकांना घट्टे पडले.

खोताच्या वाडीतले एक अंकल शिकवायचे. त्यांनी पहिलं गाणं दिलं ‘हॅपी बर्थडे’. मला तो अपमानच वाटला. जी, सी, डी, तीन कॉर्ड्स, त्यात काय? पण वाजवून बघ. ते तीन मात्रांचं आहे, आणि आपण सवयीनं चारात मारायला जातो. ‘हॅपी’वर हात मोकळा सोडायचा, पहिला ठोका ‘बर्थ’वर. कॉर्ड चुकली तरी अंकल काही बोलायचे नाहीत. उजवा हात थांबला की मात्र टेबलावर टिचकी. वाडीत कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असायचाच, त्यामुळे मला केक भरपूर मिळाला आणि ठेका पक्का झाला.

मग गणपतीतला कार्यक्रम. शेजारच्या वहिनी भावगीत गाणार, साथीला पेटी, तबला आणि मी. आयत्या वेळी पेटीवाले म्हणाले, काळी चार. म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, जी शार्प, आणि मी बसवलेलं सगळं अर्धा सूर खाली, जीमध्ये. तारा दाबून धरून सूर चढवणारा चिमटा, म्हणजे कॅपो, कुणाकडे असणार? अंकलनी गिटारच्या पहिल्या पट्टीवर आडवी पेन्सिल ठेवली, मानेमागून रबरबँडचे वेढे देऊन करकचून आवळली, आणि तारा पेटीला मिळवून दिल्या. बोटांचे आकार तेच, सूर अर्धा वर. बारकी तार जराशी कुरकुरली, पण लाउडस्पीकर असा होता की ते फक्त मलाच कळलं. वहिनी एका आलापात रमल्या तेव्हा मी जीवरच ठेका धरून बसले, त्या समेवर आल्या तशी पुढे सरकले. टाळ्या त्यांनाच पडल्या. पडायलाच हव्यात. पण उतरताना तबलजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली, तिची ऐट मी महिनाभर मिरवली!

‘चुरा लिया है तुमने’ ऐक, १९७३चं. पेल्यावरची ती टिणटिण झाली की जी गिटार येते ती भूपिंदर सिंग यांची. लोक त्यांना गझलगायक म्हणून ओळखतात, पण पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या, वादकांत ते गिटारवर असायचे. सुरुवात सगळ्यांच्या लक्षात राहते. तू गाणं सुरू झाल्यानंतरची गिटार ऐक, आशाबाईंच्या आवाजाखालची.

तेव्हा आधी तीन कॉर्ड्सचं काहीतरी घे, आणि खोलीतल्या एखाद्या मित्राला गायला बसव. बेसूर असला तरी चालेल. त्याचा सूर शोधून कॅपो लावायचं काम तुझं. एफ कॉर्ड सध्या सोडून दे, हात तयार झाला की येईल. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसत जा. मुंबईच्या पावसाळ्यात माझ्या तारा दोन महिन्यांत गंजायच्या, तुमच्याकडे हवा बरी असेल.

दिवाळीला गिटार घेऊन ये, पण बाबांना आधी कळू देऊ नकोस. ते लगेच वही काढून गायला बसतील, आणि त्यांची पट्टी कुठली हे अजून पेटीलाही सापडलेलं नाही.

तुझी
आई