पालघरची गोष्ट कळव्यात कळली

महोदय,

उन्हाळ्यात आमच्या चाळीत नळाला गढूळ पाणी येत होतं. बाटलीत भरून मी त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. तासाभरात एका ओळखीच्याचा फोन आला, ‘वहिनी, काढा तो, केस होईल.’ मी घाबरून काढला.

गेल्या रविवारी विधी महाविद्यालयाच्या विधी सहाय्य केंद्रातली मुलं आली. समाजमंदिरात सतरंजीवर बसून त्यांनी बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य देणारं संविधानाचं कलम १९ वाचून दाखवलं. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात! पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलींवर लावलेलं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं. इतकी वर्षं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

‘मग काहीही लिहायचं?’ मी विचारलं. नाही. बदनामी, चिथावणी यांवर कायद्याचे निर्बंध आहेतच. पण गढूळ पाण्याची खरी तक्रार हा गुन्हा नव्हे.

असे वर्ग वस्तीवस्तीत व्हावेत, तेही संध्याकाळी सातनंतर. धुण्याभांड्यांची कामं करणाऱ्या आमच्या बायका त्याआधी घरी पोहोचत नाहीत.

– एक गृहिणी, कळवा (ठाणे)