काकाजी, ध्रुवतारा खरंच दिसला नाही

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

तुमच्यासमोर बसून हे बोलायला गेलं की तुम्ही आत बघून काकूंना चहा टाकायला सांगता, आणि विषय तिथेच बंद होतो. सेशेल्सच्या समुद्रसफरीवरून परत आल्यापासून दोनदा असं झालं. म्हणून आता लिहितेच, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. गल्लीत सगळे तुम्हाला ‘नेव्हीवाले काकाजी’ म्हणतात, पण तुम्ही माझ्यासाठी काय केलं हे ताईखेरीज कोणाला माहीत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून पंधरा दिवस झाले नाहीत, तेव्हा मोबाइल डोळ्यांजवळ धरू नका. नातीकडून वाचून घ्या.

सुरुवात 2023 च्या त्या रात्रीपासूनच करावी लागेल. 22 सप्टेंबरला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं आटोपून आम्ही दोघी बहिणी आडव्या झालो तेव्हा नुसती रिपरिप होती. पहाटे जाग आली ती कसल्याशा टकटकीने. पलंगाखालच्या चपला तरंगून पायव्याला आपटत होत्या. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला होता, आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहत होता, आणि ते सगळं पाणी खालच्या वस्त्यांत शिरलं होतं. दिवे गेलेले. ताईने महालक्ष्म्यांचे मुखवटे परातीत ठेवून परात डोक्यावर घेतली होती, आणि मी दाराला टेकून नुसती उभी होते. माझे पाय हलेनात.

तेव्हा तुमची बॅटरी दिसली. तुमच्या फाटकापासून आमच्या कडुनिंबापर्यंत दोर ताणून बांधलेला, आणि तुम्ही, 74 वर्षांचे, कमरेएवढ्या पाण्यात. “मॅडम, पाय उचलू नका. घासत घासत चाला. तोंड पान्याकडं ठेवा, पाठ नाई.” तेवढंच बोललात. वाहत्या पाण्यात पाऊल उचललं की एका पायावर तोल राहत नाही, आणि खालचा खड्डाही कळत नाही, हे मला पुढे तुमच्याकडूनच समजलं. त्या वेळी फक्त तुमचा आवाज होता आणि हातात दोर होता. आधी ताईला पलीकडे नेलंत, मग मला, मग शेजारच्या घरातल्या आजींना पाठीवर घेऊन. दुपारपर्यंत तुम्ही पाण्यातच होतात.

त्यानंतर वर्षभर मी पाण्याला भ्यायले. बादली भरल्याचा आवाज सहन होईना. तलावाच्या बांधावरून जायचं टाळायला दोन किलोमीटरचा वळसा घ्यायची. आणि हे मी कोणाला सांगत नव्हते, कारण 31 वर्षं भूगोल शिकवलेली बाई मी. उधाणाची भरती, भांगाची भरती, व्यापारी वारे, सागरी प्रवाह, सगळं मला तोंडपाठ. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत काढून किती पिढ्यांना समजावलं असेल. ज्या मुलींनी कधी समुद्र पाहिला नव्हता त्यांना, मी स्वतःही जेमतेम जुहू आणि गणपतीपुळे पाहिलेली.

भाच्याचा दुबईहून फोन आला तो 2024 च्या ऑक्टोबरात. त्याने आणि त्याच्या मित्रांनी एप्रिलअखेर सेशेल्सला आठ दिवसांसाठी खाजगी बोट घ्यायचं ठरवलं होतं. दोन सांगाड्यांची शिडाची बोट, कॅटमरान म्हणतात ती. सोबत कप्तान. “मावशी, आईला एकटीला नाही आणता येणार, तू हवीसच.” मी त्याला हो-नाही काहीच न बोलता तुमच्याकडे आले. खरं सांगते काकाजी, तुम्ही ‘या वयात कशाला’ म्हणावं, म्हणजे मला सुटता येईल, म्हणून आले होते.

तुम्ही म्हणालात, “जा न जी. पन पान्याची वळख करून जा.”

पुढचे पाच महिने तुम्ही दर शुक्रवारी संध्याकाळी मला गच्चीवर शिकवलं. कपडे वाळत घालायच्या दोरीवर बोलाईनची गाठ. ओढ बसली की घट्ट होणारी, आणि तरी सोडवायला सोपी. काकूंच्या परातीत पाणी, त्यात काडेपेटीची बोट, आणि दोऱ्याला बांधलेला खिळा म्हणजे नांगर. बोटीला नुसत्या नांगराचं वजन धरून ठेवत नाही, तळाशी आडवी पडलेली साखळी नांगराला आडवी ओढ देते म्हणून तो रुततो. त्यासाठी पाणी जेवढं खोल त्याच्या चार-पाच पट साखळी सोडायची. दोरा आखूड केला की खिळा उचलला जातो, हे तुम्ही मला दहादा करून दाखवलंत. तुमचं बालपण भंडाऱ्याकडच्या तलावात वडिलांबरोबर डोंगा हाकण्यात गेलं, नेव्हीत नंतर गेलात, हेही मला त्याच गच्चीवर कळलं. बोटीबद्दल जे पहिलं कळलं ते वडिलांच्या डोंग्यात, असं तुम्ही म्हणाला होतात.

आणि ती मैलाची गोष्ट! सागरी मैल 1,852 मीटरचा, हे मी पाठ करून घेत असे. तो 1,852 च का, हे मला एकाही मुलीने विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. तुम्ही माझाच शाळेचा नकाशासंग्रह पुढे ओढून म्हणालात, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. नागपूर 21 अंश 9 मिनिटं उत्तर, सेशेल्सची राजधानी व्हिक्टोरिया 4 अंश 37 मिनिटं दक्षिण. बेरीज करा, साठने गुणा. 1,546 मैल दक्षिणेला, बाकी पश्चिमेला. मी त्या रात्री घरी जाऊन ते गणित तीनदा केलं. 31 वर्षं जे हातात होतं ते मला त्या दिवशी मिळालं.

फेब्रुवारीत तुम्ही मला खिंडसीला नेलंत. नावेत पाय ठेवताना मी तुमचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले, ते तुम्ही काकूंना दाखवले नाहीत. तलावाच्या मध्यावर वल्ही उचलून तुम्ही विचारलंत, “आता बोट सरकून राहिली का थांबली हाये?” मला कळेना. मग काठावरचं एक वाळकं झाड आणि त्याच्या मागची टेकडीची कड, दोन्ही एका रेषेत दाखवलंत. रेष मोडली की बोट सरकली. अंधार पडल्यावर ध्रुवतारा मुठीने मोजून दाखवलात. हात ताठ केला की एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. क्षितिजावर दोन मुठी, म्हणजे आपण 21 अंशांवर. “तिकडं गेलात का हा बुडते,” म्हणालात.

आता तिकडचं सांगते.

सेशेल्सच्या माहे या मुख्य बेटाहून प्रालां बेटाला निघालो तेव्हा मला पहिले दोन तास काहीच सुचलं नाही. अंतर 25 मैलांच्या आसपास, वारा मंद. दोन्ही मोसमांच्या मधला काळ असल्याने कप्तानाने निम्मा वेळ इंजिन चालवलं. ताई उलट्या करून थकली. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे बोटीच्या मध्याजवळ बसले, आत गेले नाही, नजर क्षितिजावर ठेवली आणि आलेपाक चघळत राहिले. लाटा उंच नव्हत्या, लांब होत्या. बोट चढायची आणि उतरायची. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी मोजत होते, एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत किती सेकंद. भ्यायलेला माणूस मोजत नाही ना, काकाजी?

क्युरियूझ बेटाच्या उथळ खाडीत छोट्या डिंगीने काठावर जायचं होतं. अमावस्या जवळ आलेली, म्हणजे उधाण. ओहोटीच्या वेळी आत शिरलो असतो तर डिंगी पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसली असती. कप्तानाने भरतीचा तक्ता काढला आणि मी कोणी न सांगता निघायची वेळ बोलून दाखवली. तो हसला आणि तीच वेळ ठरली. फळ्यावरचे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कामी आले. तिथे अंगणातल्या गाईंसारखी मोठमोठी कासवं फिरतात. खारफुटीतून लाकडी वाट काढली आहे, ती पलीकडे डॉक्टरच्या जुन्या घरापाशी निघते. 1965 पर्यंत त्या बेटावर कुष्ठरुग्णांना ठेवत. ताई ओसरीवर बसून बराच वेळ गप्प होती. आम्ही दोघी लहानपणी बाबांबरोबर आनंदवनात जायचो, ते तिला आठवलं असणार. मी विचारलं नाही.

प्रालांच्या व्हॅले द मे या जंगलात तुमचा दर्याचा नारळ पाहिला. झाडावर लटकलेला. जगातलं सगळ्यात जड बी, आणि आपसूक उगवतं ते फक्त प्रालां आणि क्युरियूझ या दोन बेटांवर. ताजबागेत फकिराच्या हातातला काळा कश्कूल, म्हणजे भिक्षापात्र, तुम्ही मला एकदा दाखवला होता आणि म्हणाला होतात, हा समुद्रातून येते. झाड ठाऊक नव्हतं तेव्हा लोकांना तो खरोखर समुद्रावर तरंगतानाच सापडायचा. आणायला परवाना लागतो म्हणून आणला नाही. फोटो मात्र वीस आहेत.

ला दीग या तिसऱ्या बेटाच्या काठावर गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे हत्तीएवढे गोल धोंडे आहेत. त्यांना हात लावून मी उभी राहिले. 75 कोटी वर्षांचा दगड. आपल्या भूभागापासून ही बेटं तुटली ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास. सीताबर्डीची टेकडी त्याच लाव्हाची. आणि हे सगळे तुकडे ज्या खंडाचे, त्याला गोंडवन हे नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून. एवढ्या दूर गेले आणि ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं.

पण मला तुम्हाला मुख्यतः कोत दोरची रात्र सांगायची आहे. प्रालांच्या त्या किनाऱ्यासमोर नांगर टाकला होता. जेवणं झाली, मुलं झोपली. मी वर एकटी. दहाच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू साडेतीन मुठी वर आला होता. आपल्याकडे जेमतेम एक मूठ. मग उत्तरेला वळले. सप्तर्षी होते, त्यातले क्रतु आणि पुलह हे ध्रुवाकडे दाखवणारे दोन तारे बरोबर खाली बोट दाखवत होते, आणि ते बोट थेट काळ्या पाण्यात जात होतं. ध्रुवतारा नव्हता. पृथ्वी गोल आहे हे मी हजारो मुलींना सांगितलं असेल, काकाजी. मला ते त्या रात्री दिसलं. मी रडले. कोणी पाहिलं नाही.

साडेबाराला सर आली. वारा फिरला आणि जोरात आला. सवयीने संध्याकाळीच मी काठावरचा एक दिवा आणि त्याच्या मागे चढावरचा दुसरा दिवा रेषेत धरून ठेवले होते. वारा फिरला की बोट नांगराभोवती वळते, रेष थोडी हलणारच, हे तुम्ही सांगितलेलं. म्हणून थांबले. बोट वळून स्थिर झाली आणि तरी दिवे एकमेकांपासून दूर होतच राहिले. मी खाली जाऊन कप्तानाला उठवलं. त्याने जीपीएस पाहिलं, साखळीवर हात ठेवला आणि लगेच इंजिन सुरू केलं. नांगर घसरत होता. पंधरा मिनिटांत त्याने नांगर उचलून पुन्हा टाकला, साखळी जास्त सोडली. फार मोठं संकट नव्हतं. गजर लावलेला होता, थोड्या वेळाने तो वाजलाच असता. पण त्याच्या आधी मला कळलं होतं. कप्तान भिजलेला वर आला आणि मला म्हणाला, “मेर्सी.” त्यांच्या क्रिओल भाषेत धन्यवाद.

मी तेव्हाच ठरवलं की हा शब्द तुमचा आहे आणि तो तुमच्यापर्यंत पोचवायचा.

ताईने तुम्हाला आणि काकूंना साष्टांग सांगितला आहे. आता मी बांधावरूनच भाजीला जाते. आमच्या शाळेतल्या सहावीच्या बाईंना नवीन वर्षात सागरी मैलाचं गणित करून दाखवणार आहे, त्यासाठी तुमची परवानगी हवी. आणि डोळ्याची पट्टी निघाली की शुक्रवारी येते. दोर मी आणते. बोलाईन दोन्ही हातांनी जमते, पण एका हाताने, स्वतःच्या कमरेभोवती, अंधारात, तशी अजून जमत नाही. तेवढी पुन्हा दाखवा.

तुमची,
समोरच्या घरातली भूगोलाची मॅडम